आमच्या शाकाहाराला साक्षीला बोलावू नका

प्रति,
माननीय संपादक,
वाचकांचा पत्रव्यवहार विभाग

विषय : उतारवयातील शाकाहार आणि त्यावरून काढले जाणारे निष्कर्ष

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत शाकाहारावर आलेला लेख आणि त्यानंतर वाचकांच्या पत्रांतून सुरू झालेला वाद मी लक्षपूर्वक वाचत आहे. त्यातील एका पत्रलेखकांनी असे म्हटले आहे की, जन्मभर मासे-मटण खाल्लेली कुटुंबे आता स्वेच्छेने शाकाहारी होत आहेत, यावरूनच मांसाहार ही केवळ जिभेची सवय असून ती कोणालाही सोडता येते हे सिद्ध होते आणि म्हणून शाळेतील मुलांना अंडी देण्याचे काहीच कारण उरत नाही. मी आणि माझे पती नेमके अशाच कुटुंबांपैकी एक आहोत. आमच्या ताटावरून कोणी एवढा मोठा निष्कर्ष काढणार असेल, तर त्या ताटात काय आहे आणि ते तिथे कसे आले हे सांगण्याचा पहिला हक्क आमचा आहे, असे वाटल्याने हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे याची मला जाणीव आहे. परंतु हा विषय चार ओळींत उरकण्याजोगा असता, तर एवढा वाद झालाच नसता.

आमचे सासर-माहेर दोन्ही सिंधुदुर्गातले. सासर मालवणकडचे आणि माहेर वेंगुर्ल्याकडचे. नोकरीच्या निमित्ताने आम्ही डोंबिवलीत आलो आणि इथलेच झालो. माझे पती एका खासगी कंपनीत हिशेब विभागात होते आणि मी ठाणे जिल्ह्यात, मुरबाड व शहापूर तालुक्यांतील प्राथमिक शाळांत शिकवत असे. आमच्या दोन्ही घरांत मासळी हे चैनीचे खाणे कधीच नव्हते. बांगडा स्वस्त झाला की बांगड्याचे कालवण, जून-जुलैत मासेमारीबंदीमुळे ताजी मासळी महागली की सुके बोंबील नाही तर सुका जवळा, आणि पाहुणे आले की कोंबडी-वडे, असा साधा क्रम होता. त्यात पाप-पुण्याचा विचार कोणी केला नाही आणि पराक्रमही कोणाला वाटला नाही.

काही वर्षांपूर्वी पतींच्या पायाचा अंगठा एका रात्रीत असा सुजला की, अंगावरच्या चादरीचा स्पर्शही त्यांना सहन होईना. रक्ततपासणीत युरिक ॲसिड वाढलेले निघाले. डॉक्टरांनी औषध सुरू केले आणि कलेजी, मटण, तारली, कोळंबी यांचे प्रमाण कमी करायला सांगितले. शाकाहारी व्हा, असे त्यांनी सांगितलेले नव्हते, हे मी मुद्दाम नोंदवते. कारण आमच्याविषयी बोलताना लोक हटकून ‘डॉक्टरांनी बंद करायला लावले’ असे म्हणतात. पुढचा निर्णय आमचा होता. ‘कमी करा’ हा सल्ला आमच्या घरात चालत नाही, हे आम्हा दोघांनाही चांगले ठाऊक होते. रविवार उजाडला की ‘आजचा दिवस’ म्हणून घेतलेली सूट बुधवारपर्यंत लांबायची. त्यापेक्षा सरळ सोडलेले बरे, असे पतींचे मत पडले. माझे कारण वेगळे होते. निवृत्तीनंतर बाजारात वेळ काढून हिंडू लागल्यावर, पिंजऱ्यात एकावर एक कोंबलेल्या कोंबड्या आणि त्यांच्यातीलच एकीला पंखाने धरून तराजूत टाकण्याची रीत डोळ्यांआड करणे मला जमेनासे झाले होते. याहून अधिक तत्त्वज्ञान त्यामागे नाही. एकाच घरात एकाने आरोग्यासाठी आणि दुसऱ्याने मनासाठी तीच गोष्ट सोडावी, यात मला काही विसंगत वाटत नाही.

सोडण्याचा क्रमही सांगण्यासारखा आहे. मटण सहज सुटले, कोंबडी त्याहून सहज सुटली, ताजी मासळी बरीच अडली आणि सर्वांत शेवटी सुटला तो सुका जवळा. तव्यावर भाजून, कांदा, ओले खोबरे आणि कोकम घालून केलेला मूठभर जवळा पेजेसोबत खाल्लेल्या माणसाला तो सोडताना काय वाटते, हे ज्याने कधी खाल्लाच नाही त्याला सांगून कळणार नाही. ‘केवळ जिभेची सवय’ असे लिहिणाऱ्या सद्गृहस्थांनी एवढा तरी विचार करायला हवा होता की, ज्याला ते सवय म्हणतात ती एका संपूर्ण किनारपट्टीची न्याहारी, जेवण, आजारपणातला उतारा आणि पाहुणचार आहे.

आता खरा मुद्दा. शाकाहार म्हणजे काही वस्तू ताटातून काढून टाकणे, अशी समजूत आपल्या पुरवणीतील लेखातही दिसते. काढून टाकणे हा त्यातला सर्वांत सोपा भाग आहे. रिकाम्या झालेल्या जागी काय येते, यावर सगळे अवलंबून असते आणि बहुतेक घरांत तिथे बटाटा, साबुदाणा, पाव, फरसाण आणि आठवड्यातून एकदा तेलात तळलेले पनीर येते. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. उपवासाच्या दिवशी त्याने काही बिघडत नाही, पण मासळीच्या तुकडीची जागा तो घेऊ शकत नाही. माझ्या ओळखीतील एक-दोन जोडपी शाकाहारी झाल्यावर वर्षभरात वजनाने वाढली आणि अंगाने मात्र थकली, ती यामुळेच.

माझे पती हिशेबाचे माणूस असल्याने त्यांनी वहीत आकडे मांडले. आपल्या देशातील पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला साधारण ५० ग्रॅम. पातळ वरणाच्या एका वाटीत कोरडी डाळ जेमतेम वीस ग्रॅम असते आणि तिच्यातून चार-साडेचार ग्रॅमच प्रथिने मिळतात. तेव्हा ‘रोज वरण खातो की’ या उत्तराला फारसा अर्थ नसतो. दिवसाला साठ ग्रॅम कोरडी डाळ किंवा कडधान्य पोटात गेले तर तेरा ग्रॅमच्या आसपास, चार पोळ्यांतून बारा, दूध आणि दही मिळून अर्धा लिटर घेतले तर सोळा आणि मूठभर शेंगदाण्यांतून सात, असे करत तो आकडा गाठता येतो. गाठता येतो, परंतु तो आपोआप गाठला जात नाही. धान्यात जे कमी असते ते डाळीत असते आणि डाळीत जे कमी असते ते धान्यात, म्हणून डाळ-भात आणि पिठले-भाकरी ही जोडी आपल्याकडे फार पूर्वीपासून जुळलेली आहे. मात्र त्या जोडीतील डाळीचा वाटा वाढवावा लागतो, हे आम्हाला वही मांडल्यावरच नीट दिसले.

यातली खरी अडचण पैशाची नसून वेळेची आहे, आणि ती स्वयंपाक करणाऱ्याच्याच वाट्याला येते. मासळीचा स्वयंपाक आयत्या वेळचा असतो. बाजारातून आलेला बांगडा साफ करून, वाटप लावून, तिरफळ ठेचून टाकले की वीस-पंचवीस मिनिटांत कालवण तयार होते. कडधान्याचा स्वयंपाक आदल्या रात्री सुरू होतो. मोड आणायचे असतील तर त्याच्याही आदल्या दिवशी. उद्या काय जेवायचे हे आज ठरवावे लागते आणि ते ठरवण्याचे काम आपल्या समाजात कोणाकडे असते हे सांगायला नको. ‘आम्ही दोघांनी शाकाहार स्वीकारला’ असे नवरा चारचौघांत अभिमानाने सांगतो, तेव्हा त्याने कडधान्य भिजवायला कधी घातले होते, असे विचारण्याचा मोह मला होतो. आमच्या घरी रात्री झोपण्यापूर्वी डबे उघडून उद्याचे धान्य भिजवण्याचे काम पतींनी स्वतःकडे घेतले आणि ते आजतागायत त्यांच्याकडेच आहे. तसे झाले नसते तर आमचा शाकाहार केव्हाच बटाट्याच्या काचऱ्यांवर येऊन थांबला असता.

सुदैवाने कोकणी घराला हे ज्ञान नवे नसते. सोमवार, गुरुवार किंवा शनिवार यांपैकी एखादा वार, संकष्टी, एकादशी, सबंध श्रावण, गणपतीचे दिवस, नवरात्र आणि अनेक घरांत मार्गशीर्षातले गुरुवार असा हिशेब केला, तर ज्यांना आपण सरसकट मांसाहारी म्हणतो त्यांच्या घरी वर्षाचे कित्येक महिने शाकाहारी स्वयंपाक होतो आणि तो उत्तम होतो. काळ्या वाटाण्याचे सांबार हे त्याचे सर्वांत चांगले उदाहरण आहे. वाटाणे रात्रभर भिजवून मिठाच्या पाण्यात मऊ शिजवायचे, सुके खोबरे आणि कांदा काळपट होईपर्यंत भाजून मालवणी मसाल्याबरोबर वाटायचे, आणि शिजलेल्या वाटाण्यांपैकीच दोन-तीन चमचे त्या वाटपात घालून बारीक करायचे, म्हणजे रसाला दाटपणा येतो. वर दोन आमसुले. माझे पती जे शोधत होते ते मांस नव्हते, ते हे वाटप होते. भाजलेल्या खोबऱ्याचा वास, मसाल्याचा तिखटपणा आणि शेवटी जिभेवर येणारा आंबटपणा त्यांना मिळाला की जेवण झाल्यासारखे वाटते. फेब्रुवारी-मार्चमध्ये गावाहून ओले काजूगर येतात, त्याच सुमारास फणसाची कुयरी मिळते, पावसाळ्यात टाकळा आणि अळू, आणि एरवी कुळथाची पिठी आहेच. तिरफळाचा डबाही आम्ही टाकून दिला नाही, कारण गोव्याच्या खतखत्यात ते भाज्या आणि तुरीच्या डाळीबरोबर जाते आणि कोकम घातले की चव खुलते. सोयाबीनच्या वड्यांचे ‘मटण’ मात्र एकदा करून पाहिले आणि पतींनी खोट्या मटणापेक्षा खरा वाटाणा बरा, असा निकाल दिला. सोयाबीनमध्ये प्रथिने भरपूर असतात हे मला मान्य आहे. तरीही त्यांचे म्हणणे मला पटले.

आप्तेष्टांच्या सल्ल्यांपैकी एकाचा उल्लेख करणे भाग आहे, कारण तो सर्वत्र फिरतो आणि नुकसान करतो. युरिक ॲसिड असेल तर तूर, मसूर, मटार, पालक, फुलकोबी हे सगळे बंद करा, असे मोबाइलवरील संदेशांतून सतत सांगितले जाते. मटण-मासे बंद आणि डाळीही बंद, तर माणसाने खायचे काय? अमेरिकेत सुमारे ४७ हजार पुरुषांची बारा वर्षे पाहणी करून २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांस आणि समुद्री मासळी जास्त खाणाऱ्यांना गाऊट, म्हणजे युरिक ॲसिडमुळे सांधे सुजण्याचा विकार, अधिक होतो, दुग्धजन्य पदार्थ घेणाऱ्यांना कमी होतो आणि प्युरिन (ज्यापासून शरीरात युरिक ॲसिड बनते ते द्रव्य) अधिक असलेल्या भाज्यांचा त्याच्याशी संबंध दिसत नाही, असे आढळले होते. आमच्या डॉक्टरांनीही डाळी चालू ठेवायला सांगितले. प्रत्येकाने आपापल्या डॉक्टरांना विचारावे हे खरेच. परंतु संदेश पुढे पाठवणाऱ्याने तरी आधी कोणाला विचारले होते का?

दुसरी गोष्ट बी-१२ जीवनसत्त्वाची, आणि याबाबतीत आपल्या पुरवणीतील चौकटीने वाचकांची दिशाभूल केली आहे. इडली-डोशाचे आंबवलेले पीठ आणि मोड आलेली कडधान्ये यांतून बी-१२ मिळते, असे त्या चौकटीत छापले आहे. ते बरोबर नाही. हे जीवनसत्त्व विशिष्ट जिवाणू तयार करतात आणि आपल्याला ते प्राणिजन्य अन्नातूनच भरवशाने मिळते. शाकाहारी माणसासाठी दूध, दही, ताक हाच त्याचा नेहमीचा मार्ग आहे. तोही अपुरा पडला तर गोळ्या किंवा इंजेक्शने. प्रौढांसाठी दिवसाला २.२ मायक्रोग्रॅम एवढी अत्यल्प मात्रा सुचवलेली आहे, पण चहातल्या दोन चमचे दुधाने तीही भागत नाही. यकृतात त्याचा साठा काही वर्षे पुरतो, त्यामुळे मासे सोडल्यावर लगेच काही जाणवत नाही आणि लोक समजतात की आपल्याला त्याची गरजच नव्हती. पुढे पायांना मुंग्या येतात, तळवे बधिर होतात, जीभ सोलल्यासारखी होते, विसरभोळेपणा वाढतो आणि सगळे ‘वयाप्रमाणे चालायचेच’ म्हणून सोडून देतात. फार उशीर झाला तर मज्जातंतूंची हानी पूर्ण भरून येत नाही.

आमच्या घरी गंमत अशी झाली की, पतींचे बी-१२ मासे खात असतानाच कमी निघाले होते. ते मधुमेहासाठी बरीच वर्षे मेटफॉर्मिन घेतात आणि त्या औषधाने या जीवनसत्त्वाचे शोषण कमी होते. पित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांचेही तसेच होते. बी-१२ च्या गोळ्या पतींना तेव्हापासूनच सुरू आहेत. पुढे आम्ही शाकाहारी झालो आणि आता नातेवाईक तीच गोळी दाखवून ‘बघा, मासे सोडल्याचा परिणाम’ असे सांगतात. तपासणीचा कागद दाखवला तरी तारीख कोणी वाचत नाही. यातच आणखी एक बारकावा असा की, पतींना आधी जी कॅप्सूल लिहून दिली होती तिचे आवरण जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनवलेले होते. खाद्यपदार्थांवर शाकाहाराचा हिरवा ठिपका आणि मांसाहाराचा तपकिरी त्रिकोण छापणे बंधनकारक आहे, पण औषधांना तो नियम लागू नाही. आम्ही डॉक्टरांना विचारून साधी गोळी घेतली. ज्यांना ती कॅप्सूलच घ्यावी लागते त्यांनी त्याचा बाऊ करू नये, असे माझे मत आहे.

लोहाबद्दल थोडक्यात. भाजीपाल्यातले लोह मांसातल्या लोहाइतके सहज शोषले जात नाही. पालेभाजीवर लिंबू पिळणे आणि चहा जेवणापासून तास-दीड तास दूर ठेवणे, या दोन सवयींनी बराच फरक पडतो. गेल्या काही वर्षांत रेशनच्या तांदळात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घातलेले दाणे मिसळून दिले गेले. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी ते थोडे निराळे दिसणारे दाणे प्लास्टिकचे समजून ताटात एकेक करून निवडून टाकत असत. ज्यांना त्या दाण्यांची सर्वाधिक गरज त्यांच्याच घरात ते केरात गेले. ते दाणे कशाचे आहेत, ही माहिती रेशनच्या दुकानावर मोठ्या अक्षरांत कोणी का लावली नाही, हे मला कळत नाही.

आता आमच्या या बदलाकडे लोक कसे पाहतात, त्याविषयी. गावी थोरल्या जाऊबाईंनी पहिल्यांदा ऐकले तेव्हा ‘काय गो, भटीण झालंस काय?’ असे विचारले. आपल्याकडे ताट बदलले की माणसाची जात तपासली जाते. त्या विनोदामागे तेच होते आणि ते त्यांनाही ठाऊक होते. पण त्यांनी विषय तिथेच संपवला. आमच्या घरी गौरीला तिखटाचा, म्हणजे मांसाहारी, नैवेद्य असतो. मी त्या वर्षीही त्यांच्याबरोबर चुलीपाशी बसून वाटप करून दिले, नैवेद्य दाखवला गेला आणि माझ्या पानात त्यांनी न विचारता अळूची भाजी आणि काळ्या वाटाण्याचे सांबार वाढले. माझ्यासाठी त्यांनी ते वेगळ्या टोपात, वेगळा डाव वापरून केले होते.

घाटावर तर याची फार जुनी रीत आहे. वारकरी संप्रदायात तुळशीची माळ घातली की मांस आणि मद्य सुटते. माझ्या एका सहकारी शिक्षकांचे वडील सोलापूरकडचे माळकरी होते. त्यांच्या घरी जत्रेला मटण शिजे, पण ते अंगणात तीन दगडांच्या चुलीवर, निराळ्या भांड्यांत. म्हाताऱ्यांचे पिठले-भाकरीचे ताट आधी आतल्या स्वयंपाकघरातून वाढले जाई आणि मग बाहेरची पंगत बसे. मुले बापाला माळ काढ म्हणत नसत आणि बाप मुलांच्या ताटाला नावे ठेवत नसे. कीर्तनात मांसाहाराची निंदा होते हे मलाही माहीत आहे, परंतु कीर्तन संपल्यावर माणसे एकाच घरात राहायची कशी, याची व्यवस्था त्या घरांनी करून ठेवली होती.

शहरात मात्र आमचा अनुभव वेगळा आहे. आमच्या इमारतीत पूर्वी सुक्या मासळीच्या वासावरून वार्षिक सभेत नाव न घेता टोमणे मारले जात. आता त्याच शेजाऱ्यांनी जिन्यात थांबवून, ‘आता तुम्ही आमच्यातल्या झालात’, असे माझे कौतुक केले. हे कौतुक मला स्वीकारता आले नाही. मी मासे खात होते तेव्हा मी जेवढी स्वच्छ होते तेवढीच आज आहे. वरच्या मजल्यावरील भाडेकरू मुलगी बांगडे तळते म्हणून तिला घर सोडायला सांगावे, यासाठी त्यांना माझी सही हवी होती, हे थोड्या वेळाने उघड झाले. मी सही केली नाही. आमच्याच शहरात २०२५ च्या स्वातंत्र्यदिनी मांसविक्रीची दुकाने बंद ठेवण्याच्या आदेशावरून जो वाद झाला तो आपल्या वाचकांच्या स्मरणात असेल. त्या दिवशी आमच्या घरी नेहमीप्रमाणे उसळच होती. पण कोणी आपल्या घरी काय शिजवावे हे ठरवण्यासाठी महापालिकेची गरज आहे, असे त्या उसळीमुळे आम्हाला मुळीच वाटले नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २०२१ च्या फेरीनुसार देशातील १५ ते ४९ वयाचे सुमारे ८३ टक्के पुरुष आणि ७० टक्के स्त्रिया कमी-अधिक प्रमाणात मासे, कोंबडी किंवा मटण खातात. आम्ही उरलेल्यांत येऊन बसलो, याने त्यांच्यापैकी कोणाचे काही चुकते असे होत नाही.

आणि म्हणूनच शाळेतील अंड्याबद्दल मी स्पष्ट लिहिते. राज्य शासनाने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे आणि अंडे न खाणाऱ्या मुलांसाठी केळे देण्याचा निर्णय घेतला. २०२५ च्या जानेवारीत अंड्यांसाठीचा निधी थांबवण्यात आला आणि ज्या शाळांना अंडी द्यायची असतील त्यांनी ती लोकसहभागातून द्यावीत, असे ठरले. मुरबाड-शहापूरच्या पाड्यांवर ज्यांनी काम केले आहे त्यांना विचारा की, तिथला लोकसहभाग म्हणजे नेमके कोणाचे पैसे. मी ज्या वर्गांत शिकवले तेथील अनेक मुलांच्या दिवसभराच्या जेवणात शाळेची खिचडी हेच एकमेव भरपेट जेवण असे. सोमवारी सकाळी ती मुले कशी बसलेली असत हे शिक्षकांना सांगावे लागत नाही. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम उत्तम प्रथिने असतात, शिवाय बी-१२ असते. ते भिजवावे लागत नाही, त्याला मोड आणावे लागत नाहीत आणि त्याच्या कवचात भेसळ करता येत नाही. वर जो आमचा हिशेब दिला त्यात रोज अर्धा लिटर दूध-दही आहे, निवृत्तिवेतन आहे, शीतकपाट आहे, रक्ततपासणी आहे आणि रात्री आठवणीने वाटाणे भिजवणारा एक माणूस आहे. यातले काय त्या मुलाच्या घरी आहे? जे पालक अंडे नको म्हणतील त्यांच्या मुलाला केळे मिळण्याची सोय मूळ निर्णयात होतीच.

माझे पती आणि मी पुढेही असेच जेवणार आहोत. अंगठा पूर्वीसारखा सुजत नाही. त्यात औषधाचा वाटा किती, पाण्याचा किती आणि आहाराचा किती, हे वेगळे करून सांगता येणार नाही, म्हणून मी त्याचा पुरावा म्हणून वापर करत नाही. आमचा मुलगा आला की बाहेर जाऊन मासे खाऊन येतो आणि सून आमच्यासाठी तिथून सोलकढी आणते. इतके सगळे सुरळीत चालले असताना, कोणा अपरिचित व्यक्तीने आम्हाला आपल्या बाजूच्या साक्षीदारांच्या पिंजऱ्यात उभे करावे, हे आम्हा दोघांनाही मान्य नाही.

आपल्याकडे माझी मागणी मर्यादित आहे. शाकाहारावरील लेखांबरोबर पाककृती छापताना त्यात कोरड्या डाळीचे किंवा कडधान्याचे वजन आणि ते किती माणसांसाठी आहे हे द्यावे, म्हणजे वाचकाला ताटात काय पडले ते कळेल. शालेय अंड्यांचा निधी थांबल्यानंतर ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतील किती शाळांनी लोकसहभागातून अंडी दिली, याची माहिती आपल्या वार्ताहरांनी शिक्षण विभागाकडून मागवून प्रसिद्ध करावी. आणि आंबवलेले पीठ व मोड आलेली कडधान्ये यांतून बी-१२ मिळते, हे विधान दुरुस्त करणारी चौकट त्याच पुरवणीत, त्याच जागी आणि तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावी. कारण मधुमेहाच्या गोळ्या घेणारे आणि नुकतेच शाकाहारी झालेले अनेक ज्येष्ठ वाचक त्या चौकटींची कात्रणे कापून स्वयंपाकघरात लावतात.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
डोंबिवली (पूर्व)